ब्रह्महृदय तारा सूर्यापेक्षा वयाने लहान असूनही ‘वृद्ध’ कसा?

प्रश्न | गच्चीवरून

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि गेली दोन वर्षे गच्चीवरून, साध्या डोळ्यांनी आणि एका जुन्या द्विनेत्रीने, आकाश पाहत आलो आहे. मागच्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यावर, रात्री आठच्या सुमारास ईशान्येला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीच्या जरा वर एक ठळक तारा दिसला. तो क्षणात लाल, क्षणात हिरवा असा लुकलुकत होता, इतका की शेजारचे काका त्याला ड्रोन समजून बराच वेळ तो कुणाच्या घरावर घिरट्या घालतो आहे हे शोधत राहिले. नकाशाशी ताडून पाहिल्यावर तो सारथी तारकासमूहातला ब्रह्महृदय, म्हणजेच कॅपेला, असल्याची खात्री झाली.

नंतर त्याच्याविषयी वाचताना मात्र माझा गोंधळ उडाला. एका लेखात तो सूर्यासारखाच पिवळा, पण वार्धक्याकडे झुकलेला राक्षसी तारा असल्याचे म्हटले होते आणि त्याच लेखात पुढे त्याचे वय सुमारे ६० कोटी वर्षे दिले होते. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि त्याला आपण मध्यमवयीन म्हणतो. मग सूर्याच्या सातव्या हिश्श्याइतकेही वय नसलेला तारा वृद्ध कसा ठरतो? दुसरे असे, की तो पिवळा असेल तर मला लाल-हिरवा का दिसला? आणि तिसरे, काही ठिकाणी ‘ब्रह्महृदय हा एक तारा नव्हे’ असे वाक्य येते, त्याचा नेमका अर्थ काय? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर १ | वर्णपट

आपला दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून तो आधी उरकतो. तारा क्षितिजापासून दहा-बारा अंशच वर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या फार जाड थरातून तिरपा येतो. हवा प्रिझमसारखी वेगवेगळ्या रंगांना कमी-अधिक वाकवते आणि तिच्यातले गरम-थंड झोत हे रंग आळीपाळीने आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचू देतात. असे प्रत्येक ताऱ्याचे होते, परंतु मंद ताऱ्यांचे रंग आपल्या डोळ्यांना कळत नाहीत. ब्रह्महृदयाची दृश्यप्रत, म्हणजे दिसणाऱ्या तेजाचे माप (आकडा जितका लहान तितका तारा ठळक), ०.०८ आहे. संपूर्ण आकाशात तो तेजस्वितेने सहावा, आणि खगोलीय विषुववृत्ताच्या उत्तरेकडे स्वाती व अभिजित यांच्या खालोखाल तिसरा आहे. त्यामुळे तो कमी उंचीवर असताना हा खेळ स्पष्ट दिसतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यरात्र उलटल्यावर पाहा. साताऱ्याहून तो उत्तरेला सुमारे ६२ अंश उंचीवर आलेला असेल आणि तेव्हा त्याचा खरा, फिकट पिवळा रंग दिसेल.

आता वयाविषयी. ताऱ्याचे म्हातारपण वर्षांत मोजायचे नसते, गाभ्यातला हायड्रोजन किती उरला यावर मोजायचे असते. तारा जितका जड, तितका त्याचा गाभा अधिक तापलेला आणि तितकी इंधनाची उधळपट्टी मोठी. सूर्याच्या आसपासच्या आणि त्याहून काहीशा जड ताऱ्यांची दीप्ती, म्हणजे दर क्षणाला बाहेर पडणारी एकूण ऊर्जा, त्यांच्या वस्तुमानाच्या साधारण साडेतिसऱ्या ते चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ब्रह्महृदयातल्या मोठ्या ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे २.५७ पट आहे. चौथा घात घेतला तर तरुणपणी त्याची दीप्ती सूर्याच्या ४३-४४ पट येते. म्हणजे कोठारात धान्य अडीचपट, पण रोजचा खर्च चाळीस-पंचेचाळीस पट, असा हा संसार. भागाकार केला तर आयुष्य सूर्याच्या सतराव्या हिश्श्याइतके येते. सूर्याच्या हायड्रोजनाच्या संसाराला आपण ढोबळमानाने १,००० कोटी वर्षे धरतो, त्याचा सतरावा हिस्सा ५९ कोटी वर्षे. हा आडाखा ढोबळ आहे, तरी आपण वाचलेल्या आकड्याच्या अगदी जवळ पोहोचतो.

तेव्हा तो लेख चुकलेला नाही. सूर्याने आपले निम्मेसुद्धा इंधन संपवलेले नाही, आणि ब्रह्महृदयाच्या गाभ्यातला हायड्रोजन केव्हाच संपला आहे. तरुण असताना तो आजच्यासारखा पिवळा नव्हता. व्याध किंवा अभिजित यांच्यासारखा, किंबहुना त्यांच्याहून थोडा जड, पांढरा-निळसर तारा होता. गाभ्यातले इंधन संपल्यावर गाभा आकुंचन पावला, भोवतालच्या कवचात हायड्रोजन जळू लागला, बाहेरचे थर फुगले आणि फुगता फुगता थंड होऊन पिवळे झाले. सूर्याचा पिवळेपणा आणि ब्रह्महृदयाचा पिवळेपणा एकच दिसतो, पण एक भर उमेदीतला आहे आणि दुसरा उतरणीचा.

उत्तर २ | जुनी दुर्बीण

वर्णपट यांनी ‘ब्रह्महृदयातला मोठा तारा’ असे लिहिले आहे, त्याचा खुलासा करतो, कारण आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे एकमेकांभोवती फिरणारे दोन पिवळे राक्षसी तारे आहेत. एकाचा व्यास सूर्याच्या सुमारे १२ पट, दुसऱ्याचा सुमारे ९ पट. दोघांमधले अंतर जेमतेम ११ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि शुक्र यांच्यात आहे साधारण तेवढे, आणि एक फेरी १०४ दिवसांत पूर्ण होते. यांच्यापासून फार दूर दोन मंद लाल खुजे तारेही याच कुटुंबात आहेत, पण ते नुसत्या डोळ्यांना दिसणारे नाहीत, म्हणून त्यांना येथे बाजूला ठेवतो.

हे प्रमाण समजावे म्हणून मी मुलांना एक मांडणी करून दाखवतो. सूर्य म्हणजे एक सेंटीमीटरचा हरभऱ्याचा दाणा धरावा. मग ब्रह्महृदयातला मोठा तारा सोललेल्या नारळाएवढा, धाकटा एका बऱ्यापैकी डाळिंबाएवढा, आणि दोघांमध्ये ८० सेंटीमीटर, म्हणजे पावणेदोन हात अंतर. एका टेबलावर दोन्ही मावतात. मात्र हरभरा साताऱ्यात ठेवला तर ते टेबल २,९०० किलोमीटरवर ठेवावे लागेल. श्रीनगर ते कन्याकुमारी सरळ रेषेत मोजले तर साधारण तेवढेच अंतर भरते. आता कन्याकुमारीला उभे राहून श्रीनगरच्या टेबलावरचे नारळ आणि डाळिंब वेगवेगळे ओळखायचे आहेत. आपली द्विनेत्री सोडाच, मोठमोठ्या दुर्बिणींनाही हे साधत नव्हते, ते यामुळे.

तरीही हे दोन आहेत हे १८९९ मध्येच कळले, आणि तेही त्यांना वेगळे न पाहता. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत विल्यम कॅम्पबेल आणि इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे ह्यू नेवॉल यांनी स्वतंत्रपणे ब्रह्महृदयाचा वर्णपट, म्हणजे त्याचा प्रकाश रंगांत फाकवून मिळणारा बारीक काळ्या रेषांचा पट्टा, तपासला. तेव्हा त्यात दोन ताऱ्यांच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत आणि त्या दिवसांगणिक विरुद्ध दिशांना सरकत आहेत, असे त्यांच्या लक्षात आले. एक तारा आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो, म्हणून डॉप्लर परिणामामुळे रेषा फाकतात आणि पुन्हा एकत्र येतात. प्रत्येकाचा आपल्या दिशेतला वेग सेकंदाला २६-२७ किलोमीटरपर्यंत जातो.

प्रत्यक्ष अंतर मोजायला आणखी वीस वर्षे लागली. १९१९ च्या अखेरीस माउंट विल्सनवरच्या १०० इंची दुर्बिणीवर जॉन अँडरसन यांनी दोन फटी असलेली, फिरवता येणारी तबकडी बसवली. दोन फटींतून आलेला एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र झाला की काळे-पांढरे पट्टे उमटतात. पण प्रकाश दोन शेजारच्या ताऱ्यांचा असेल तर फटींच्या विशिष्ट अंतराला आणि विशिष्ट दिशेला एकाचे पांढरे पट्टे दुसऱ्याच्या काळ्या पट्ट्यांवर पडतात आणि चित्र पुसट होते. ते कोणत्या अंतराला आणि कोणत्या दिशेला पुसट होते यावरून ताऱ्यांमधले कोनीय अंतर काढता येते. ते निघाले एका अंशसेकंदाच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) सुमारे विसाव्या हिश्श्याइतके. याच तत्त्वावर चालणाऱ्या, पण परस्परांपासून दूर उभ्या केलेल्या वेगवेगळ्या दुर्बिणी जोडून घेतलेले पहिले दृश्य-प्रकाशातले चित्रसुद्धा ब्रह्महृदयाचेच आहे. ते १९९५ साली पुन्हा केंब्रिजमध्येच घेतले गेले. नेवॉल यांनी जिथे रेषा सरकताना पाहिल्या होत्या, त्याच गावात शहाण्णव वर्षांनी हे दोन ठिपके चित्रात वेगळे उमटले, ही गोष्ट मला व्यक्तिशः फार आवडते.

उत्तर ३ | उत्तररात्र

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, तथापि त्यावरून वाचकाचा असा समज होण्याचा संभव आहे की दोन्ही तारे एकाच अवस्थेत आहेत आणि एक जरा मोठा, एक जरा लहान एवढाच फरक आहे. प्रत्यक्षात ब्रह्महृदयाची खरी गंमत ते दोघे *वेगवेगळ्या* अवस्थांत सापडले यातच आहे.

मोठ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४,९७० केल्विन, धाकट्याचे सुमारे ५,७३०, म्हणजे जवळपास सूर्याइतकेच. मोठा १०४ दिवसांत एकदा स्वतःभोवती फिरतो, म्हणजे आपला एकच चेहरा त्याने जोडीदाराकडे ठेवलेला आहे. धाकटा मात्र साडेआठ दिवसांतच एक गिरकी घेतो. मोठ्याच्या पृष्ठभागावर लिथियम फारच थोडे उरले आहे, धाकट्यावर ते भरपूर आहे. लिथियम हे मूलद्रव्य नाजूक असते आणि ताऱ्याच्या आत थोड्या खोलीवरच्या उष्णतेतही नष्ट होते. तारा फुगून थंड होताना त्याचे वरचे थर उकळत्या आमटीसारखे ढवळले जाऊ लागतात, ते लिथियम खाली ओढले जाते आणि संपते. मोठ्याचे असे ढवळणे पूर्ण होऊन गेले आहे, धाकट्याचे अजून पुरते सुरू झालेले नाही.

या सगळ्याचा अर्थ असा, की मोठा तारा तांबड्या राक्षसाची अवस्था एकदा भोगून परत थोडा आकसला आहे आणि आता त्याच्या गाभ्यात हेलियमचे कार्बन व ऑक्सिजन होत आहे. धाकट्याचा गाभ्यातला हायड्रोजन संपला आहे, पण हेलियम अजून पेटलेले नाही. तो पांढऱ्याकडून तांबड्याकडे जाण्याच्या वाटेवर, मध्येच पिवळा असताना आपल्याला दिसतो आहे.

पुन्हा प्रश्न | गच्चीवरून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका मात्र वाढली. दोन्ही तारे एकत्र जन्मले असणार, म्हणजे वय एकच. उत्तररात्र यांच्या उत्तरानंतर मी शोधले तेव्हा धाकट्याचे वस्तुमान सूर्याच्या २.४८ पट असल्याचे आढळले. २.५७ आणि २.४८ यांत तीन-साडेतीन टक्क्यांचाच फरक आहे. एवढ्याशा फरकाने एक तारा आयुष्याचा एक पूर्ण टप्पा पुढे कसा जातो?

उत्तर ४ | उत्तररात्र

आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. वर्णपट यांचेच गणित पुढे नेऊ. दीप्ती चौथ्या घाताने वाढते, तर आयुष्य तिसऱ्या घाताने घटते. वस्तुमानात साडेतीन टक्के फरक असेल तर आयुष्यात साधारण दहा टक्के फरक पडेल. साठ कोटी वर्षांचे दहा टक्के म्हणजे पाच-सहा कोटी वर्षे. मोठ्याने धाकट्यावर एवढी आघाडी घेतलेली आहे. आता हायड्रोजन संपून तारा पांढऱ्याचा तांबडा होतो तो प्रवास या वस्तुमानाच्या ताऱ्यांना किती काळ लागतो? काही दशलक्ष वर्षेच, म्हणजे या आघाडीपेक्षा पुष्कळ कमी.

लांबच लांब सपाट रस्त्याच्या शेवटी एक आखूड पूल आहे आणि पुलापलीकडे मुक्कामाचे गाव आहे, अशी कल्पना करा. दोन बैलगाड्या एकाच पहाटे निघाल्या आणि त्यांच्या चालीत शंभराला तीन-चार पावलांचाच फरक होता. रस्ताभर त्या मागेपुढेच दिसत होत्या. पण रस्ता इतका लांब की शेवटी पडलेले अंतर पुलाच्या लांबीपेक्षा जास्त भरले. पुढची गाडी पूल ओलांडून गावात बैल सोडून बसली आहे, आणि मागची ऐन पुलावर आहे. गावातला मुक्काम म्हणजे गाभ्यात हेलियम जळण्याचा काळ, जो कित्येक कोटी वर्षांचा असतो, म्हणून आकाशात त्या अवस्थेतले तारे पुष्कळ दिसतात. पुलावरचे तारे फार थोडे सापडतात. ताऱ्यांची दीप्ती आणि तापमान मांडणाऱ्या आलेखात या जागी एक रिकामा पट्टा दिसतो आणि त्याला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांचे नाव आहे. तो रिकामा असतो तो तिथून कुणी जात नाही म्हणून नव्हे, सगळे भरभर जातात म्हणून.

ब्रह्महृदयात एक गाडी गावात आणि दुसरी पुलावर, शिवाय दोघींची वस्तुमाने जवळजवळ एका टक्क्याच्या एक-तृतीयांश भागाइतक्या बारकाईने मोजलेली, असा योग जुळून आला आहे. ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे कोणतेही गणित खरे की खोटे हे तपासायचे असेल, तर दोघांचे वय एकच येते का, एवढे पाहिले की पुरते. म्हणून या जोडीवर शंभर वर्षे काम चालू आहे.

उत्तर ५ | मूळ अमरावतीचा

चर्चा ताऱ्याच्या प्रकृतीविषयी आहे, तरी या ताऱ्याची आपल्याकडची जुनी नोंद इथे असावी असे वाटते. सूर्यसिद्धान्त या प्राचीन संस्कृत ज्योतिषग्रंथाच्या आठव्या अध्यायात अग्नी आणि ब्रह्महृदय हे दोन्ही तारे वृषभेच्या बाविसाव्या अंशावर दिले आहेत, अग्नी आठ अंश उत्तरेला आणि ब्रह्महृदय तीस अंश उत्तरेला. अग्नी म्हणजे वृषभेच्या उत्तरेकडच्या शिंगाच्या टोकावरचा तारा. ब्रह्महृदयाच्या पूर्वेला पाच अंशांवर प्रजापती सांगितला आहे, तोही सारथी समूहातच आहे. यातला तीस अंशांचा विक्षेप, म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गापासूनचे उत्तरेकडचे अंतर, मात्र जुळत नाही, प्रत्यक्षात तो तेवीस अंशांच्या आसपास आहे. जुन्या ग्रंथाचा आदर करताना हेही सांगावे, या मताचा मी आहे.

नवव्या अध्यायातले विधान मात्र मी स्वतः पडताळून पाहिले आहे. अभिजित, ब्रह्महृदय, स्वाती, श्रवण, धनिष्ठा आणि उत्तरा भाद्रपदा हे तारे फार उत्तरेला असल्यामुळे सूर्याच्या किरणांत कधी लोपत नाहीत, असे तिथे म्हटले आहे. सूर्य ब्रह्महृदयाच्या रेषेत येतो तो १० जूनच्या सुमारास. उज्जैनच्या अक्षांशावर गणित केले तर त्या दिवशीही ब्रह्महृदय सूर्याच्या सुमारे तासभर आधी उगवतो आणि तासभर नंतर मावळतो. मुंबईच्या अक्षांशावर हे अंतर पन्नास मिनिटांवर येते. कोकणात त्या दिवसांत पावसाळी ढग असल्याने पाहण्याची सोय नाही, पण आमच्याकडे पाऊस उशिरा येतो. ५ जूनला सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने वायव्येला सात-आठ अंश उंचीवर, आधी द्विनेत्रीतून आणि मग नुसत्या डोळ्यांनी, मला तो दिसला. त्या उन्हाच्या धुरळ्यातही तो आपल्या वर्णनाप्रमाणेच लाल-हिरवा झाला होता.

उत्तर ६ | वर्णपट

अमरावतीकरांची नोंद उत्तम. मी फक्त भविष्याविषयी एक भर घालतो, कारण ‘वृद्ध’ म्हटले की पुढे काय हा प्रश्न येतोच. या दोघांपैकी कुणाचाही स्फोट होणार नाही, तेवढे वस्तुमान त्यांच्याजवळ नाही. धाकटा पूल ओलांडून तांबडा होईल. मोठ्याचे हेलियम संपले की तो पुन्हा फुगेल, आणि या वेळी पहिल्यापेक्षा फार जास्त. दोघांमधले अंतर सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १६० पट आहे. एवढ्या जवळच्या जोडीत फुगणाऱ्याचे बाहेरचे थर शेजाऱ्याच्या ओढीत सापडतात आणि वस्तुमानाची देवाणघेवाण सुरू होते. त्यानंतरचा हिशेब एकेकट्या ताऱ्यांच्या गणिताने करता येत नाही. अखेरीस जे उरतील ते श्वेतखुजे, म्हणजे इंधन संपून हळूहळू निवत जाणारे लहानसे, दाट गाभे.

गच्चीवरून

काल, १२ डिसेंबरला, रात्री साडेबाराला पुन्हा गच्चीवर गेलो. उत्तरेला, बराच वर, तो एकदम शांत होता. रंग बदलत नव्हता, लोण्यासारखा फिकट पिवळा दिसत होता. शेजारीच वृषभेतली रोहिणी नारिंगी असल्याने फरक लगेच कळला. काकांनाही हाक मारून बोलावले आणि नारळ-डाळिंबाची मांडणी त्यांना सांगितली. सगळे ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारले, की आपल्या डोळ्यांपर्यंत येणारा हा उजेड जास्त कुणाचा, नारळाचा की डाळिंबाचा? मला सांगता आले नाही.

उत्तररात्र

काकांना माझा नमस्कार सांगावा. सर्व प्रकारचे किरण मिळून मोजले तर नारळ पुढे आहे, सूर्याच्या सुमारे ७९ पट, तर डाळिंब ७३ पट. परंतु नारळ थंड असल्याने त्याचा बराच भाग आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत जातो. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडापुरते बोलायचे तर डाळिंबच किंचित उजळ आहे.